पाणी पोचवणाऱ्याच्या गाडीतून

अमरावतीला परतल्यापासून जो भेटतो तो आधी नायगारा विचारतो. नाही पाहिला. मग न्यूयॉर्कचा पुतळा? तोही नाही. मग शेजारच्या काकू माझ्याकडे अशा बघतात की जणू मी विमानात झोपून तशीच परत आले. मी पाहिला तो एक डोंगर. तोही सायकलींच्या मागे रखडत जाणाऱ्या गाडीच्या काचेतून. शेजारी स्टिअरिंगवर एक म्हातारा इटालियन होता. तरुणपणी तो पोटासाठी सायकल चालवायचा, म्हणजे शर्यतींमध्ये, पगारावर. त्याच्याबद्दल आणि त्या डोंगरावर आमच्यावर जो प्रसंग आला त्याबद्दल सांगावं असं फार दिवस मनात होतं. आता जरा शांत झाले आहे, तर सांगते.

हर्नडन

निखिल हा माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा, एकुलता एक मुलगा. नागपूरला इंजिनियर झाला, तिकडे एमएस केलं आणि व्हर्जिनियात हर्नडन नावाच्या गावात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला. मी लग्न केलं नाही. सगळी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. त्यामुळे माझ्या वाट्याची जी काही माया होती ती निखिलवर गेली, आणि ती मी रागावूनच केली. दुसरी पद्धत मला येत नाही.

चार वर्षं झाली, हा पोरगा घरी आला नव्हता. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाचा शिक्का संपलेला. अमेरिकेत राहायला अडचण नाही, पण एकदा बाहेर पडलं की भारतात नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय परत आत येता येत नाही, आणि त्याच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नाहीत. तेवढ्यात नोकरी गेली तर संपलंच. हर्नडनमध्ये कोणत्याही मराठी घरात जा, चहा ठेवायच्या आत स्टॅम्पिंगचा विषय निघतो. आपल्याकडे पावसावर बोलतात तसं तिथे त्यावर बोलतात. मंदाला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, तिचे मालक सुधाकरराव तिला सोडून निघत नाहीत. म्हणून मग मी निघाले, डिंकाचे लाडू आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन.

निखिलला तिथे सायकलचं वेड लागलेलं. शनिवारी सकाळी सात-आठ जण तंग कपडे घालून निघतात. सगळे आपलेच, पुण्या-मुंबईचे, नागपूरचे. त्या कपड्यांवर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांना शिकवणारा तो इटालियन म्हणजे ब्रूनो. वय सत्तरीच्या पुढे. ही पोरं त्याला ‘ब्रूनो काका’ म्हणतात आणि तोही त्या नावाला ओ देतो.

ऑक्टोबरात त्यांनी तीन दिवसांची राइड ठरवली. हर्नडनहून निघायचं, ब्लू रिज नावाच्या डोंगरावर चढायचं, माथ्यावरून जाऊन पलीकडे उतरायचं आणि परत यायचं. मागे सामानाची गाडी ब्रूनो चालवणार. त्याच्या मदतीला जो येणार होता तो तापाने पडला.

“मावशी, तू चल ना,” निखिल म्हणाला. “नुसतं बसायचंय. आणि पाणी द्यायचंय.”

“पाणीच द्यायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला मला?” मी म्हटलं, पण बॅग भरायला घेतली.

पर्सेलविलच्या वाटेवर

पहिल्याच सकाळी मी सवयीने गाडीचं डावं दार उघडलं आणि आत बसायला गेले, तर समोर स्टिअरिंग. ब्रूनो हात बांधून उभा. “चालवता का?” म्हणाला. मी म्हटलं, “तुमचं चालवणं बघून ठरवते.” तिथून आमचं जमलं. आमच्या दोघांचंही इंग्रजी उसनं. त्याचं इटालियन वळणाचं, माझं दवाखान्यातलं. पण दोन उसनी इंग्रजी एकमेकांना बरोबर समजतात.

हर्नडनच्या घरांची दाटी मागे पडली आणि पर्सेलविल नावाच्या गावाकडे जाताना कुरणं लागली. लाकडी कुंपणं, त्यामागे घोडे, लाल रंगाची धान्याची कोठारं. सगळं झाडून-पुसून ठेवलेलं. पण रस्त्यावर माणूस म्हणून नाही. आपल्याकडे ट्रक पंक्चर झाला तरी बघायला दहा जण जमतात. इथे आठ सायकली रंगीबेरंगी कपड्यांत चालल्या होत्या आणि बघणारं कोणी नाही. मी तसं म्हटल्यावर ब्रूनो हसला.

“आमच्याकडे म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन सकाळपासून रस्त्यात बसायच्या,” तो म्हणाला. “आम्ही येणार दुपारी, आणि समोरून जाणार पापणी लवेस्तोवर. तेवढ्यासाठी.”

एका कोठाराजवळ त्याने मला पाणी द्यायला शिकवलं. सायकलवाला थांबत नाही. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, बाटली वरच्या टोकाला दोन बोटांत हलकी धरायची, तो आला की त्याच्या बरोबरीने चार पावलं चालायचं आणि त्याने घेतली की सोडायची. ऐकायला सोपं. मी मात्र बाटली पेशंटला औषध पाजावं तशी मुठीत घट्ट धरली. तेजश्री नावाची पुण्याची मुलगी पहिली आली. तिने ओढली, मी सोडली नाही. झाकण उडालं, दोघी चिंब भिजलो, आणि ती पडता पडता वाचली.

“काकू, सोडा ना!” ती ओरडली.

“आधी नीट धर तर!” मी ओरडले. मागून येणारा निखिल इतका हसला की त्याला पाय टेकावा लागला. दुपारपर्यंत मला जमायला लागलं. खोटं कशाला सांगू, मजा यायला लागली होती.

ब्रूनोचं सगळं आयुष्य या पाण्यातच गेलेलं. उत्तर इटलीत आल्प्सच्या पायथ्याशी त्याचं गाव. वडिलांच्या चार गायी होत्या. लहानपणी सायकलला दुधाच्या बरण्या लटकवून तो खालच्या गावात दूध घालायचा आणि रिकाम्या बरण्या घेऊन घाट चढून यायचा. त्यातून पाय असे झाले की गावच्या शर्यतीत त्याच्यापुढे कोणी टिकेना. बाविशीत एका मोठ्या संघाने त्याला घेतलं. वडिलांनी गावाला वाइन पाजली.

“मग किती शर्यती जिंकल्या?” मी विचारलं.

“एकही नाही.”

मला वाटलं थट्टा करतो आहे. मग त्याने समजावून सांगितलं. संघात जिंकायचा तो एकच, कॅप्टन. बाकीचे त्याच्यासाठी राबणारे. इटालियनमध्ये त्यांना ग्रेगारिओ म्हणतात. वारा समोरून आला की आपण पुढे राहून तो अंगावर घ्यायचा. कॅप्टनचं चाक पंक्चर झालं की आपलं चाक काढून त्याला द्यायचं आणि आपण रस्त्यात बसून राहायचं. आणि पाणी. तहान लागली की कॅप्टन हात वर करणार, मग आपण वेग कमी करून सगळ्यांच्या मागे असलेल्या संघाच्या गाडीपर्यंत जायचं, बाटल्या खिशात, पाठीवर, सदऱ्याच्या आत गळ्यापर्यंत कोंबायच्या, आणि एवढं ओझं घेऊन शंभर-दीडशे सायकलींना ओलांडत परत पुढे यायचं. आल्यावर पुन्हा कोणाला तरी तहान लागलेली असायची.

एकदा तो घाटात एकटा सगळ्यांच्या पुढे निघाला होता. माथा दिसत होता. मागून गाडी आली आणि मॅनेजरने सांगितलं, थांब, कॅप्टन मागे पडलाय, त्याला घेऊन ये. ब्रूनो पाय टेकून उभा राहिला.

“वाईट नाही वाटलं?”

“नोकरी होती, सिन्योरा.” बाईसाहेब म्हणायचं झालं की तो तसं म्हणायचा. “तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात कात्री द्यायच्या, तेव्हा आपण कापावं असं वाटायचं का?”

मी म्हटलं, “पुष्कळदा.” तो इतका हसला की गाडी कुंपणाकडे गेली, आणि मी त्याला माझ्या पद्धतीने चार शब्द ऐकवले.

गुडघे गेल्यावर त्याने खेळ सोडला. सायकली बनवणाऱ्या एका कंपनीचा मेकॅनिक म्हणून अमेरिकेत आला, इथल्याच एका शिक्षिकेशी लग्न केलं. ती गेल्याला बरीच वर्षं झाली. आता गॅरेजमध्ये लोकांच्या सायकली दुरुस्त करतो आणि शनिवारी या पोरांना शिकवतो. एवढं सगळं त्याने सांगितलं, पण वडिलांबद्दल त्या वाइन पाजण्यापुढे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

फ्रंट रॉयल

डोंगराच्या पायथ्याशी फ्रंट रॉयल नावाचं छोटं गाव आहे. तिथे एका मोटेलात मुक्काम केला. रात्री सफरचंदाचा पाय नावाचा पदार्थ खाल्ला. आपल्या पुरणपोळीचं सारण कोणी पिठाच्या वाटीत घालून भाजावं, तसलं काहीसं. बरा होता. कॉफीबद्दल ब्रूनोने जे तोंड केलं ते मी चहाबद्दल केलं, आणि आम्ही दोघांनी गरम पाणी पिऊन वेळ मारून नेली.

सकाळी सगळे टायरात हवा भरत होते, तेवढ्यात मंदाचा फोन आला.

“ताई, निखिल आजूबाजूला नाही ना?”

हे वाक्य ऐकलं आणि मी मोटेलच्या मागच्या बाजूला गेले.

सुधाकररावांना तीन दिवसांपूर्वी दवाखान्यात ठेवलेलं. आधी न्यूमोनिया, आता किडनीही साथ देत नव्हती. मी विचारत गेले. लघवी किती होते, सूज कुठवर चढली, ऑक्सिजन किती लागतो, बोलतात का. मंदा एकेक सांगत होती आणि प्रत्येकाच्या शेवटी म्हणत होती, “पण डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू.” ती बायको होती, तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं. मी नर्स आहे. मी आधीची ऐकत होते. माणूस दोन-तीन दिवसांचा सोबती होता, फार तर चार.

“निखिलला सांगितलंस?”

“नाही! आणि तूही नको सांगू. त्यांनीच शपथ घातली आहे मला. पोरगं धावत येईल आणि इकडेच अडकेल, म्हणतात. एवढ्या कष्टाने उभं केलंय त्याने सगळं. ताई, तू बोलणार नाहीस असं म्हण.”

“मंदा, अगं पण…”

“म्हण ना ताई!”

मी “बरं” म्हटलं. रडणाऱ्या बहिणीला दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे हे घरोघरी असंच चालतं. बाहेर गेलेल्या मुलाला घरचं दुखणं कळवायचं नाही. उगाच काळजी करेल, कामात लक्ष लागणार नाही. ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की मग सांगायचं, आणि तेही हसत. मी स्वतः किती नातेवाइकांना हा सल्ला दिला असेल. चांगल्या मनानेच दिला होता.

परत आले तेव्हा निखिल हेल्मेटचा पट्टा लावत होता. “आईचा फोन होता का? बाबांशी बोलायचं राहून चाललंय गं. तीन दिवस झाले, फोन केला की आई म्हणते झोपले आहेत.”

“झोपले असतील,” मी म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.

डोंगरमाथा

तो रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. उजवीकडे खाली दरी आणि त्यात वळणं घेणारी नदी, डावीकडे मैदान. झाडं पेटल्यासारखी लाल-पिवळी. मागे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत गेलेल्या. चिखलदऱ्याला सातपुडा असा दिसतो. इतर वेळी मी तोंडाला पदर लावून बघत बसले असते. त्या सकाळी मला काही दिसत नव्हतं. पुढे निखिलची पाठ तेवढी दिसत होती, निळ्या सदऱ्यातली, चढावर डावी-उजवीकडे हलणारी. हर्नडनच्या जवळच विमानतळ. आज संध्याकाळचं विमान धरलं तर परवा हा बापाजवळ. राइड संपवून घरी गेल्यावर सांगितलं तर काही उपयोग नाही. आणि आज गेला तर परत येईल की नाही, देव जाणे.

“आज तुम्ही माझ्या गाडी चालवण्याला एकदाही नावं ठेवली नाहीत,” ब्रूनो म्हणाला.

मी सांगून टाकलं. सुधाकरराव, मंदा, शपथ, शिक्का, सगळं. दोन-तीन वळणं गेली. मला वाटलं, त्याला आमचं हे शपथेचं प्रकरण कळलं नसावं.

मग तो बोलायला लागला, नजर रस्त्यावर ठेवून.

इटलीतली तीन आठवड्यांची मोठी शर्यत चालू होती. शेवटचा डोंगराळ टप्पा. त्याचा कॅप्टन अगदी जिंकायच्या बेतात होता. सकाळी हॉटेलवर गावाकडून फोन आला होता की वडील फार आजारी आहेत, ब्रूनोला बोलावतात. गाव तिथून मोटारीने दोन तासांवर. फोन मॅनेजरने घेतला. त्याने विचार केला की आज ब्रूनो नसेल तर कॅप्टन एकटा पडेल, टप्पा संपला की सांगू, संध्याकाळी जाईल. त्याने संघातल्या सगळ्यांना सांगितलं, फक्त ब्रूनोला नाही.

“त्या दिवशी सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते,” ब्रूनो म्हणाला. “मी पाणी आणायला मागे निघालो की दुसराच कोणी म्हणायचा, तू थांब, मी जातो. दुसऱ्या संघातल्या एकाने जाता जाता पाठीवर थाप मारली. आणि शेवटच्या घाटात कॅप्टनने स्वतःची बाटली माझ्यापुढे धरली. म्हणाला, पी. इतक्या वर्षांत त्याने मला कधी पाणी दिलं नव्हतं. पाणी मी द्यायचो. मला वाटलं, आज मी फार छान चालवतोय, म्हणून देतोय. सिन्योरा, मी त्या दिवशी इतका खूश होतो. आयुष्यात तसा कधी नव्हतो. चढावर गाणं म्हणत होतो. आणि त्याच वेळी माझे वडील तिकडे माझी वाट बघत होते.”

“भेटले?”

“दुपारीच गेले. मला टप्पा संपतो त्या रेषेच्या पलीकडे टॉवेल देताना सांगितलं.”

माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला, नाडी बघायला जातो तसा.

“मॅनेजर वाईट माणूस नव्हता,” तो म्हणाला. “माझ्या भल्याचंच बघत होता. मी त्याला कधीच माफ केलं नाही. पण जास्त राग मला त्या गाण्याचा येतो.”

“पण मी बहिणीला शब्द दिलाय. आणि त्याच्या वडिलांनी शपथ घातली आहे. ठरवणारी मी कोण, ब्रूनो?”

“तुम्ही नका ठरवू. त्यालाच ठरवू द्या. मला कोणी ठरवू दिलं नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण उतारावर नाही सांगायचं. पुढे थांबा आहे, तिथून उतार सुरू होतो. उतार लागला की तो तासाभराने खाली पोचेल, आणि मग दुसरा घाट, आणि मग रात्र. सांगायचं असेल तर तिथेच.”

तो थांबा म्हणजे दरीवरचा कठडा. सगळ्यांनी सायकली त्याला टेकवल्या. मी डबा उघडला, पुऱ्या वाटल्या, लाडू वाटले. संत्री होती. नागपूरच्या माणसाला तिथलं संत्रं म्हणजे शिक्षाच, साल सुटता सुटत नाही. निखिल शेजारी येऊन बसला. मी एक संत्रं घेतलं, सोललं, एकेक फोड सुटी करून, वरचे दोरे काढून त्याच्या हातावर ठेवायला लागले. माझं लक्षच नव्हतं.

निखिलने दोन फोडी खाल्ल्या. तिसरी हातात तशीच राहिली.

“मावशी.”

“काय रे?”

“तू मला कधी संत्रं सोलून नाही दिलं. लहान होतो तेव्हाही म्हणायचीस, हात मोडले का तुझे.” तो माझ्या तोंडाकडे बघत होता. “काय झालंय?”

ब्रूनो गाडीजवळ उभा होता. त्याने फक्त मान हलवली. आता लपवणं म्हणजे पोराच्या तोंडावर खोटं बोलणं होतं. मी सांगितलं. दवाखान्यात जसं नातेवाइकांना सांगायचे तसं, काहीही गोड न करता. बाबा कसे आहेत, किती दिवस आहेत, कोणी शपथ घातली आणि का.

तो ऐकत राहिला. मग एकच विचारलं, “तीन दिवस सगळ्यांना माहीत होतं?”

“मला आज सकाळी कळलं.”

“आणि मी हॅपी बर्थडेचे फोटो टाकून राहिलो ग्रुपवर. तेजूचे. केक कापतानाचे. बाबांनी पाहिले असतील ते.” तो रडला नाही. फोड अजून हातातच होती, ती त्याने नीट कागदात ठेवली.

तेजश्री जवळ आली होती. तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, “निखिल, यार, एक मिनिट. गेलास तर स्टॅम्पिंगला किती महिने लागतील, माहितीये ना तुला? कंपनी तेवढं होल्ड करेल का? मी जाऊ नको म्हणत नाहीये. पण माहीत असून जा.” ते बोलताना तिचे डोळे भरले होते. तिचंही तेच होतं, तीही पाच वर्षांत घरी गेली नव्हती.

“माहितीये,” निखिल म्हणाला. तो कठड्यापर्यंत गेला, दरीकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही कोणी हललो नाही. माझा जीव टांगणीला लागला होता, तरी तोंड उघडलं नाही. त्याला इतका वेळ गप्प राहू देणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

तो वळला आणि हेल्मेट काढलं. “ब्रूनो काका, मला घरी सोडता?”

ब्रूनोने उत्तर द्यायच्या आधीच त्याची सायकल उचलून गाडीच्या टपावर बांधायला घेतली होती. बाकीच्यांना आता मागे गाडी नसणार, पाणी नसणार. तेजश्रीने सगळ्यांच्या बाटल्या भरून घेतल्या आणि म्हणाली, “आमचं आम्ही बघतो. तुम्ही निघा.” गाडी सुरू झाली तेव्हा ती सातही जणं रस्त्याच्या कडेला एका रांगेत उभी होती. दोन दिवस ती पुढे आणि आम्ही मागे असायचो. आज पहिल्यांदा आम्ही त्यांच्या पुढून गेलो.

परत हर्नडन

त्या उतारावर ब्रूनोने जी गाडी चालवली ती मी जन्मात विसरणार नाही. मी एकदाही टोकलं नाही. मागच्या सीटवर निखिल फोनवर तिकीट शोधत होता, डोंगरात नेटवर्क येई-जाई. कधीतरी ते मिळालं. आखातातून मुंबई, तिथून नागपूर. घरी गेलो, त्याने पासपोर्ट घेतला, मी दोन सदरे आणि उरलेल्या पुऱ्या पिशवीत कोंबल्या. सायकलच्या कपड्यांवर पँट चढवून पोरगं विमानतळावर उतरलं.

ब्रूनोने त्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाला. निखिल माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, “वेळ नाही, पळ.” आणि तो पळाला.

मग मी मंदाला फोन लावला. ती म्हणाली, “ताई, तू शब्द मोडलास. त्याचं काही वाईट झालं तर मी तुला कधी क्षमा करणार नाही.” आणि फोन ठेवला. माझी सख्खी बहीण. मी तिथेच बाकावर बसून रडले, येणारी-जाणारी माणसं बघत होती तरी. ब्रूनो शेजारी बसून होता. त्याने जाऊन पाण्याची बाटली आणली, माझ्यापुढे धरली, आणि काय केलं ते त्याच्याच लक्षात आलं. झटकन मागे घेतली. “काही लपवत नाहीये,” म्हणाला. “तहान लागली असेल म्हणून फक्त.” मी रडता रडता हसले आणि बाटली घेतली.

पुढचे दोन दिवस कसे गेले, सांगता येत नाही. तेजश्री मला तिच्या घरी घेऊन गेली. निखिल मुंबईला उतरल्याचा मेसेज आला, नागपूरचा आला, मग काही नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदाचा फोन आला. आवाज बसलेला.

“ताई, गेले ते. पहाटे.”

“निखिल?”

“कालपासून त्यांच्या उशाशीच होता. आला तेव्हा शुद्धीवर होते. आधी रागावले. मास्क बाजूला करून म्हणाले, तुला सांगितलं कोणी? मग त्याचा हात जो धरला, तो सोडलाच नाही.” मग म्हणाली, “पाणी निखिलनेच पाजलं गं, ताई.”

मला क्षमा केली की नाही ते ती म्हणाली नाही. पण फोन तिनेच केला होता.

निखिलचा शिक्का अजून अडकलेला आहे. नागपूरहून काम करू देतील का यावर त्याची कंपनी विचार करते आहे, म्हणे. रोज सकाळी तो भाड्याच्या सायकलवरून फुटाळा तलावापर्यंत जाऊन येतो.

त्या सकाळी मंदाचा फोन ठेवला आणि मी लगेच ब्रूनोला लावला. तो गॅरेजमध्ये होता. निखिलची सायकल त्याच्याकडेच राहिली होती, ती तो उघडून साफ करत होता. त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

“पोचला?”

“पोचला,” मी म्हटलं. “वडील शुद्धीवर होते. बोलले त्याच्याशी. आज पहाटे गेले.” मग त्याला कळावं म्हणून समजावून सांगितलं की आमच्यात माणूस जायला निघाला की मुलाने त्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं, आणि ते निखिलने घातलं.

पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कसं दिलं? बाटलीने?”

“नाही. चमच्याने.”

मग त्याने अगदी हळू विचारलं,

“प्यायले ते?”

“प्यायले,” मी म्हटलं.